अंदलुसची तीन शहरं

मुस्लिम घरांत 'अंदलुस' हा शब्द बहुतेक वेळा उसासा टाकूनच उच्चारला जातो. उर्दू वाचणाऱ्या मागच्या पिढीने नसीम हिजाजींच्या कादंबऱ्या वाचलेल्या असतात, अल्लामा इकबालांची 'मस्जिद-ए-कुर्तबा' कुठे ना कुठे ऐकलेली असते. आठशे वर्षं राज्य केलं, मग एका दुबळ्या सुलतानाने किल्ल्याच्या किल्ल्या शत्रूच्या हातात दिल्या आणि सारं संपलं, अशी ती गोष्ट. या गोष्टीत अंदलुस म्हणजे जणू एकच शहर असतं आणि त्याचा शेवटही एकाच दिवशी होतो.

दक्षिण स्पेनमध्ये फिरताना हा समज पहिल्या दोन दिवसांतच गळून पडतो. कोर्दोबा, सेव्हिल आणि ग्रनादा, म्हणजे आपल्या पुस्तकांतली कुर्तबा, इश्बिलिया आणि गरनाता, ही तीन शहरं एकमेकांपासून रेल्वेने तीनेक तासांच्या आत आहेत. कोर्दोबाहून सेव्हिलला तर वेगवान गाडी पाऊण तासात पोहोचवते. तिन्हीकडे संत्र्यांची झाडं तीच, अंगणातला कारंजा तोच, दुपारी बंद होणारी दुकानं तीच. तरी तिन्हींचा स्वभाव एकमेकांशी जुळत नाही. मुसलमानांनी मागे ठेवलेल्या वस्तूंशी प्रत्येक शहर निराळं वागतं. हा फरक समजायला तीन सनं लक्षात ठेवावी लागतात. कोर्दोबा पडली १२३६ मध्ये, सेव्हिल १२४८ मध्ये, ग्रनादा १४९२ मध्ये. पहिल्या दोन शहरांत मुस्लिम सत्ता साधारण सव्वापाचशे वर्षं होती, आठशे नव्हे. आणि शेवटचं शहर पडलं तेव्हा पहिली दोन अडीचशे वर्षं ख्रिस्ती राज्याखाली नांदत होती. आपण ज्याला एक पराभव म्हणतो तो खरं तर दहा-बारा पिढ्यांवर पसरलेला आहे.

कोर्दोबापासून सुरुवात करतो, कारण वैभवाचा क्रमही तोच आहे. दमास्कसच्या उमय्या घराण्याची कत्तल झाली, तिच्यातून जीव वाचवून पळालेला अब्दुर्रहमान नावाचा तरुण ७५६ मध्ये इथे अमीर झाला आणि ७८५ च्या सुमारास त्याने जामा मशीद बांधायला घेतली. पुढच्या दोनशे वर्षांत तिच्यात तीनदा भर पडली. रोमन काळातले जुने खांब आणले, ते उंचीला कमी पडले म्हणून एका कमानीवर दुसरी कमान चढवली, आणि त्या अडचणीतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानींचं ते जंगल उभं राहिलं. आज साडेआठशेच्या आसपास खांब शिल्लक आहेत. आत पाऊल टाकल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला मिनिटभर लागतं. मग कुठेही बघा, रांग संपत नाही. ही इमारत वर बघायला लावत नाही, आडवी पसरत जाते. नमाजाच्या सफेसारखी.

आणि मग चालता चालता एकदम छप्पर उंच होतं, उजेड येतो, आणि आपण एका चर्चच्या मधोमध उभे असतो. मशिदीच्या शेजारी नाही, मशिदीच्या पोटात. शहर जिंकल्यावर फर्नांदो तिसऱ्याने मशिदीला चर्च म्हणून दीक्षा दिली, पण पाडलं नाही. जवळजवळ तीनशे वर्षं थोड्याफार फरकाने मशिदीतच प्रार्थना चालू राहिली. १५२३ मध्ये बिशपने मधले खांब काढून तिथे उंच कॅथेड्रल बांधायचं ठरवलं. तेव्हा विरोध कुणी केला? शहराच्या नगरपरिषदेने, म्हणजे ख्रिस्ती नगरपरिषदेने. जो गवंडी या पाडकामाला हात लावेल त्याला देहदंड, असा हुकूम त्यांनी काढला होता. शहरात एव्हाना उघडपणे मुसलमान म्हणवणारा एकही माणूस उरला नव्हता. मशीद आता त्यांची झाली होती आणि आपली वस्तू कुणी मोडलेली त्यांना खपत नव्हती. सम्राट कार्लोस पाचवा याने बिशपच्या बाजूने निकाल दिला आणि काम झालं. पुढे त्याने ते पाहिलं तेव्हा त्याला पस्तावा झाला, अशी कथा सांगतात. कथा खरी की खोटी कोण जाणे, पण ती शहराला आवडते हे नक्की.

हाच कोर्दोबाचा स्वभाव. हे शहर गिळतं, पण पचवत नाही. आजही सामान्य कोर्दोबाकर या जागेला 'ला मेस्कीता' म्हणतो. हा शब्द आणि आपला 'मशीद' एकाच 'मस्जिद'चे दोन तुकडे. रविवारी तो मेस्कीतात मासला जातो आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. विचित्र वाटतं ते चर्चच्या अधिकाऱ्यांना. २००६ मध्ये धर्मप्रांताने तीस युरो शुल्क भरून ही वास्तू सरकारी नोंदवहीत स्वतःच्या नावावर करून घेतली. मध्यंतरी पर्यटकांच्या माहितीपत्रकांतून 'मशीद' हा शब्द जवळजवळ नाहीसा झाला होता. गावातल्या लोकांनी ओरड केली तेव्हा तो परत आला. आत नमाज पढायला मनाई आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रियाहून आलेल्या काही मुस्लिम तरुणांनी नमाजाचा प्रयत्न केला तेव्हा पहारेकऱ्यांशी झटापट होऊन अटकेपर्यंत गोष्ट गेली. इकबाल १९३३ मध्ये इथे आले होते आणि त्यांनी नमाज अदा केली, तिचं छायाचित्रही प्रसिद्ध आहे. मी मिहराबसमोरच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. सोन्याच्या मोझेकचं ते काम बायझंटाइन सम्राटाने पाठवलेल्या कारागिराच्या हातचं, असं जुने ग्रंथ सांगतात. म्हणजे मशिदीतली सर्वांत सुंदर भिंत सजवायला ख्रिस्ती राजाने मदत केली होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख पुन्हा उसाशाकडे जाईल. ९९७ मध्ये हाजिब अल्-मन्सूरने उत्तरेतल्या सांतियागोवर स्वारी केली, तिथलं चर्च उद्ध्वस्त केलं आणि त्याच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून शेकडो कोस वाहून कोर्दोबाला आणल्या. त्या मशिदीत दिवे म्हणून टांगल्या, असं बखरकार लिहितात. १२३६ मध्ये फर्नांदोने त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवर देऊन परत पाठवल्या. मशिदीच्या जागी आधी सेंट व्हिसेंटचं चर्च होतं असं परंपरा सांगते. अब्दुर्रहमानने ती जागा पैसे देऊन घेतली असंही तीच परंपरा सांगते, आणि खणून काय सापडलं यावर पुरातत्त्वज्ञ अजून भांडताहेत. 'खाली काय होतं' हा प्रश्न भारतीय वाचकाला मी समजावून सांगायची गरज नाही.

कोर्दोबाला आपल्या विद्वानांचाही फार अभिमान आहे. तटबंदीजवळ इब्न रुश्दचा पुतळा आहे, ज्यू वस्तीच्या गल्लीत मूसा बिन मैमूनचा. दोघेही बाराव्या शतकात इथेच जन्मले. पण मैमूनच्या घराण्याला मुवाहिद राजवटीच्या धार्मिक सक्तीमुळे शहर सोडावं लागलं आणि तो शेवटी इजिप्तमध्ये स्थिरावला. इब्न रुश्दला ११९५ मध्ये हद्दपार केलं, त्याचे ग्रंथ जाळले, आणि तीन वर्षांनी तो मराकेशमध्ये वारला. ही दोन्ही कामं मुस्लिम सत्तेने केली, ख्रिस्ती सैन्य यायच्या कितीतरी आधी. खलिफा हकमच्या प्रचंड ग्रंथालयातली तत्त्वज्ञानाची पुस्तकंही घंटा आणणाऱ्या त्याच अल्-मन्सूरने उलेमांना खूश करण्यासाठी जाळू दिली होती. अंदलुस बाहेरच्यांनी बुडवलं, एवढंच आपल्या घरांत सांगितलं जातं. पुतळ्याखालच्या पाटीवरही हद्दपारीचा तपशील मोठ्या अक्षरांत कुणी लिहीत नाही. घालवून दिलेल्या माणसाचा पुतळा उभारायला शहरांना फारसा वेळ लागत नाही, साताठशे वर्षं पुरतात.

सेव्हिलमध्ये उतरलं की आवाज वाढतो. मोठं शहर, मोठी नदी, माणसं रस्त्यावर. नदीचं नाव ग्वादालकिवीर, म्हणजे 'वादी अल्-कबीर', मोठी नदी. समुद्रातून गलबतं थेट शहरात येत. म्हणून अमेरिकेशी होणारा सारा व्यापार ज्या कचेरीतून चाले ती कचेरी १५०३ मध्ये इथे सुरू झाली आणि पुढची दोन शतकं मेक्सिको-पेरूची चांदी इथेच उतरली. ज्या शहराकडे एवढं भविष्य चालून येतं त्याला भूतकाळाची फार चिंता नसते. कोर्दोबाने मशीद ठेवून तिच्या पोटात चर्च घातलं. सेव्हिलने मशीद सरळ पाडली आणि पंधराव्या शतकात तिच्या जागी जगातलं सर्वांत मोठं गॉथिक कॅथेड्रल उभं केलं. ठेवलं काय? अंगण आणि मिनार.

मिनार मात्र असा ठेवला की आज तोच शहराचा चेहरा आहे. मुवाहिदांनी ११८४ मध्ये सुरू केलेला हा मिनार ११९८ मध्ये पुरा झाला. आत पायऱ्या नाहीत, घाट चढावा तसा उतरता रस्ता आहे, पस्तीस वळणांचा. मुअज्जिनला जनावरावर बसून वर जाता यावं म्हणून. सोळाव्या शतकात वर घंटाघर चढवलं आणि टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारी स्त्रीची मूर्ती बसवली. तिच्या फिरण्यावरून नाव पडलं ला हिराल्दा. शहर स्वाधीन करताना मुसलमानांनी मिनार पाडायची परवानगी मागितली होती, तेव्हा राजपुत्र आल्फोन्सो म्हणाला की एक वीट जरी हलवली तरी सगळ्यांची डोकी उडवीन, अशी दंतकथा आहे. विटेवर एवढं प्रेम, आणि माणसांचं काय? १२४८ च्या नोव्हेंबरमध्ये शहर स्वाधीन झालं आणि महिन्याभरात सगळ्या मुस्लिम रहिवाशांना ते रिकामं करावं लागलं. घरं नव्या लोकांना वाटून दिली गेली.

त्याच कॅथेड्रलमध्ये फर्नांदो तिसऱ्याची कबर आहे आणि तिच्यावरचा लेख चार भाषांत आहे: लॅटिन, कास्तिलियन, अरबी आणि हिब्रू. ज्याने शहर रिकामं केलं त्याची स्तुती रिकामं केलेल्यांच्या भाषेत. शेजारी अल्काझार राजवाडा आहे. तो चौदाव्या शतकात पेद्रो नावाच्या ख्रिस्ती राजाने बांधला, पण ग्रनादाच्या सुलतानाकडून कारागीर मागवून. भिंतींवर अरबी अक्षरांत पेद्रोला 'सुलतान' म्हटलं आहे आणि ग्रनादाच्या नस्री घराण्याचं ब्रीदवाक्य 'वला गालिब इल्लल्लाह', म्हणजे अल्लाहखेरीज कुणी विजेता नाही, तेही कोरलेलं आहे. सेव्हिलला यात काही विरोधाभास दिसत नाही. ते सुंदर होतं, महाग होतं, म्हणून घेतलं. मला हा व्यापारी स्वभाव काही अंशी आवडला हे कबूल करतो. सेव्हिल कुणाला आपलं दुःख सांगत नाही आणि तुमच्याकडून सहानुभूतीही मागत नाही.

भाषेचंही तसंच आहे. महापौराला स्पॅनिशमध्ये 'अल्काल्दे' म्हणतात, तो आपला अल्-काझी. जकातनाका म्हणजे 'आदुआना', तो आपला दिवाण. 'अल्ग्वासिल' हा मूळचा वजीर, पण त्याची पदावनती होऊन तो कोर्टाचा शिपाई झाला. 'नारांखा' म्हणजे नारंगी, हा शब्द तर संस्कृतपासून फारसी-अरबीमार्गे तिथे पोहोचला. आणि नाव न घेता कुणाबद्दल बोलायचं असेल तर स्पॅनिश माणूस म्हणतो 'फुलानो'. आपण म्हणतो फलाणा. अरबी 'फुलान'ची ही दोन पोरं, एक दख्खनेत वाढलं, एक सेव्हिलमध्ये.

आता ग्रनादा. डोंगराच्या कुशीत, मागे सिएरा नेवादाचं बर्फ, टेकडीवर लाल किल्ला, म्हणजे अल्-हमरा. इथे यायच्या आधी एक अवघड गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हे राज्य स्थापणारा मुहंमद इब्नुल अहमर १२४६ मध्ये फर्नांदोचा मांडलिक झाला आणि सेव्हिलच्या वेढ्यात स्वतःचे घोडेस्वार घेऊन ख्रिस्ती बाजूने लढला. इश्बिलिया पाडायला गरनाताने हात लावला. सांगतात की तो परत आला तेव्हा लोकांनी 'गालिब, गालिब' म्हणून जयजयकार केला आणि त्याने उत्तर दिलं, 'वला गालिब इल्लल्लाह'. अल्-हमराच्या भिंतींवर हे वाक्य हजारो वेळा कोरलेलं आहे. पर्यटक त्याचे फोटो काढतात, मुसलमान पर्यटक डोळे पुसतात. त्या वाक्याचा उगम जर खरंच असा असेल तर ते लाजेचं वाक्य आहे, विजयाचं नाही. मला तरी ते त्यामुळे अधिक खरं वाटतं.

आणखी अडीचशे वर्षं हे राज्य खंडणी देत, कधी लढत, कधी भाऊबंदकी करत टिकलं. महालांची वर्णनं मी करत नाही, ती सगळीकडे मिळतात. पाणी मात्र सांगितलं पाहिजे. दार्रो नदीचं पाणी वरच्या अंगाला अडवून कालव्याने टेकडीवर आणलं आणि प्रत्येक खोलीतून, जिन्याच्या कठड्यातूनसुद्धा खेळवलं. कालव्याचा स्पॅनिश शब्द 'असेकिया', तोही अरबीच. कोर्दोबात नजर खांबांवर जाते, सेव्हिलमध्ये मिनारावर. ग्रनादात कान पाण्याकडे लागतात.

हे शहर तलवारीने नाही, कराराने गेलं. नोव्हेंबर १४९१ मध्ये सह्या झाल्या, २ जानेवारी १४९२ ला किल्ल्या दिल्या गेल्या. करारात लिहिलं होतं की मुसलमानांचा धर्म, मशिदी, वक्फ, काझी, पोशाख, सगळं कायम राहील आणि कुणालाही बळजबरीने ख्रिस्ती केलं जाणार नाही. तीन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, त्याच अल्-हमरात ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. मुसलमानांना वाटलं असेल की तो आपला प्रश्न नाही. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस आला आणि सामुदायिक बाप्तिस्मे सुरू झाले. बिब-रांब्ला चौकात अरबी पुस्तकांचे ढीग पेटवले गेले, वैद्यकाची तेवढी बाजूला काढली. लोक चिडून उठले, आणि बंड केलंत म्हणून करार रद्द, असं सांगण्यात आलं. १५०२ पर्यंत कास्तिल राज्यातल्या प्रत्येक मुसलमानासमोर दोनच रस्ते उरले: बाप्तिस्मा किंवा देशत्याग. बिब-रांब्ला म्हणजे 'बाब अर्-रमला', वाळूचा दरवाजा. आज तिथे फुलांची दुकानं आहेत आणि लोक घट्ट चॉकलेटमध्ये चुर्रो बुडवून खातात. मीही खाल्ले.

आपली गोष्ट इथे, १४९२ ला, संपते. शेवटच्या सुलतानाने खिंडीतून मागे वळून उसासा टाकला आणि आईने टोमणा मारला, हा प्रसंग सांगून कथेकरी पुस्तक मिटतो. (तो प्रसंगही बहुधा नंतरच रचलेला.) सुलतानाला जहागीर मिळाली होती, पुढे तो फेजला गेला. जे गेले नाहीत, जाऊ शकले नाहीत, त्यांची खरी गोष्ट या तारखेनंतर सुरू होते आणि ती आणखी सव्वाशे वर्षं चालते. बाप्तिस्मा घेतलेल्या या मुसलमानांना आणि त्यांच्या वंशजांना 'मोरिस्को' म्हणत. ते सुलतान नव्हते. रेशीम विणणारे, मळे करणारे, गाढवं हाकणारे, गवंडी, कुंभार होते.

१५६७ मध्ये त्यांच्यावर नवा कायदा आला: अरबी बोलायचं नाही, लिहायचं नाही, जुना पोशाख नको, स्नानगृहं नकोत, लग्नातली गाणी नकोत. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुलेय नावाच्या एका वयस्कर मोरिस्को सरदाराने ग्रनादाच्या न्यायसभेपुढे अर्ज केला. तो अर्ज आज वाचायला मिळतो आणि वाचताना अंगावर काटा येतो. त्याचं म्हणणं असं की पोशाख प्रांताचा असतो, धर्माचा नसतो. कास्तिलमध्येही प्रांतोप्रांती वेश वेगळा आहेच. अरबी म्हणजे इस्लाम नव्हे. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, माल्टाचे ख्रिस्तीही बोलतात. भाषा बदलायला सांगता, पण म्हाताऱ्या माणसांनी ती शिकायची कधी आणि कुणाकडून? अर्ज फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी आल्पुहारास डोंगरात बंड पेटलं. ते मोडल्यावर १५७० मध्ये ग्रनादाच्या राज्यातून सुमारे ऐंशी हजार मोरिस्को उचलून देशभर विखुरले. अनेक वाटेतच थंडीने आणि आजाराने मेले.

यानंतर ग्रनादात जे घडलं ते मला तिन्ही शहरांच्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं. १५९५ पासून शहराबाहेरच्या एका टेकडीत शिशाचे गोल पत्रे सापडू लागले. त्यांवर विचित्र वळणाच्या अरबी अक्षरांत मजकूर होता. त्यातून असं निघालं की ग्रनादात ख्रिस्ती धर्म पहिल्यांदा आणणारे संत स्वतःच अरब होते, येशूच्या शिष्यांच्या काळातले. आर्चबिशप हरखून गेला, टेकडीवर मठ बांधला, यात्रा भरू लागल्या. तेच साक्रोमोंते, पवित्र डोंगर. भाषांतरासाठी राजाचे अरबी दुभाषे बोलावले गेले, मिगेल दे लूना आणि आलोन्सो देल कास्तियो, दोघेही मोरिस्को. आज बहुतेक अभ्यासकांचं मत असं आहे की ते पत्रे घडवण्यात याच दोघांचा हात होता. म्हणजे लिहिणारेही तेच, वाचून दाखवणारेही तेच. १६८२ मध्ये पोपने ते बनावट ठरवले. रोमला नेलेले पत्रे २००० मध्ये ग्रनादाला परत मिळाले.

या लबाडीला हसायला येतं, पण ती का केली असेल? आठशे वर्षं त्या मातीत राहिलेल्या लोकांना आपण इथलेच आहोत याचा पुरावा मागितला गेला. खरे पुरावे म्हणजे घर, शेत, कबरस्तान, भाषा. यातलं काहीच चालत नव्हतं. मग दोन हुशार माणसांनी जो पुरावा समोरच्याला हवा होता तोच घडवून जमिनीत पुरला. आम्ही तुमच्या धर्माच्याही आधीपासून इथे आहोत, एवढंच त्या शिशाला म्हणायचं होतं.

उपयोग झाला नाही. १६०९ ते १६१४ या पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्कोंना जहाजांत कोंबून उत्तर आफ्रिकेकडे पाठवून दिलं. त्यांच्यातल्या पुष्कळांना अरबी येतही नव्हतं. आरागॉन-कास्तिलकडचे मोरिस्को स्पॅनिशच बोलत, स्पॅनिशमध्ये दुआ करत, फक्त अक्षरं अरबी वापरत. अशी हस्तलिखितं पुढे जुन्या घरांच्या भिंतींत आणि छतांत दडवलेली सापडली. १८८४ मध्ये आल्मोनासिद नावाच्या गावात एक घर पाडताना मोठा साठा निघाला, तेव्हा काही वह्या हातोहात जळून गेल्या. त्याच सतराव्या शतकात इकडे श्रीगोंद्यात शेख महंमद मराठीत ओव्या रचत होते आणि वारकरी त्यांना संत म्हणत होते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाने मोरिस्कोंच्या वह्यांबद्दल वाचलं की मनात काय येतं ते वेगळं सांगत नाही.

तर ग्रनादाचा स्वभाव? हे शहर एकाच वेळी रडतं, विकतं आणि मिरवतं. आल्बाइसिनच्या चढावर मोरोक्कन लोकांची चहाची दुकानं आहेत, पुदिन्याचा चहा आणि चामड्याच्या पिशव्या. राजा-राणीच्या भव्य कबरी खाली कॅथेड्रलशेजारी आहेत. दरवर्षी २ जानेवारीला नगरपालिकेच्या सज्जातून झेंडा फडकवून विजयदिन साजरा होतो, आणि दरवर्षी त्याच चौकात काही ग्रनादाकर त्याचा निषेध करायलाही जमतात. कोर्दोबात किंवा सेव्हिलमध्ये हा दिवस एवढा अंगाला लागत नाही. तिथे तारीख जुनी आहे आणि शब्द मोडल्याची सल नाही. ग्रनादात शब्द दिला गेला होता, लेखी. २००३ मध्ये आल्बाइसिनच्या माथ्यावर नवी मशीद उघडली, पाचशे वर्षांनंतरची पहिली. जागा घेतल्यापासून ती उभी राहायला वीसेक वर्षं गेली. तिच्या छोट्या बागेतून अल्-हमरा समोर दिसतो. तिथे असरची नमाज पढलो. शेजारी सेनेगलचा एक मजूर होता आणि इमामामागे दोन-तीन गोरे स्पॅनिश.

२०१५ मध्ये स्पेनने कायदा करून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाचा मार्ग उघडला. चुकीची दुरुस्ती म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी असा कायदा नाही. मोरोक्कोत त्यांच्या संघटना आहेत, त्यांनी मागणी करून पाहिली. आडनावं तर अजून शाबूत आहेत: तेतुआनमध्ये तोर्रेस, रबातमध्ये व्हार्गासवरून झालेलं बर्गाश. ट्युनिशियात टेस्टूर नावाचं गावच मोरिस्कोंनी वसवलं, कौलारू घरांचं, मध्ये स्पॅनिश धाटणीचा चौक असलेलं. तिथली माणसं अठराव्या शतकातही आपसात स्पॅनिश बोलत होती, असं त्या काळी तिथे गेलेल्या एका स्पॅनिश पाद्र्याने लिहून ठेवलं आहे.